सोप्या हत्यारांची लाज कुणाला वाटते?

१९९१ साली संगणकाच्या दुनियेत दोन पोरं जन्माला आली. मे महिन्यात मायक्रोसॉफ्टनं व्हिज्युअल बेसिकची पहिली आवृत्ती आणली. ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं आपण हौस म्हणून एक फुकट ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय असं जाहीर केलं. दोघांचं साल एक, पण कुंडली काही जुळली नाही. एकानं सामान्य माणसाच्या हातात प्रोग्रामिंग दिलं, पण मालकाच्या अंगणात. दुसऱ्यानं अंगण सगळ्यांना मोकळं केलं, पण आत यायचं तर काळ्या पडद्यावर इंग्रजी मंत्र म्हणत या!

आज लिनक्सला काय कमी आहे? २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत लिनक्सशिवाय दुसरं काही नाही. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडच्या पोटातही तेच. आपण सगळे हिंजवडी, खराडी, नाहीतर बंगळुरूला बसून त्याच्याच जिवावर पगार घेतो. पण एखाद्या माणसानं साधा प्रश्न विचारला, की "बाबा रे, खिडकीवर एक बटण काढायचं, त्यावर डबल क्लिक करायचं, मागे चार ओळी लिहायच्या, असं लिनक्सवर काही आहे का?", तर आपण त्याच्याकडे कसे बघतो? बुलेट चालवणाऱ्याला कुणी सायकलची चेन कशी चढवायची ते विचारावं, तसे.

माझं म्हणणं सरळ आहे. लिनक्सवर अशी हत्यारं आहेत, बरीच वर्षं आहेत आणि चांगली आहेत. लाज आपल्याला वाटते, म्हणजे आपल्यासारख्या शिकलेल्या, पगारी, "खरं" प्रोग्रामिंग करणाऱ्यांना. आणि या लाजेची किंमत आपण भरत नाही, भलतेच लोक भरतात.

आधी इतिहास थोडक्यात, कारण तो न सांगता वाद घालण्यात अर्थ नाही.

व्हिज्युअल बेसिकची सहावी आवृत्ती १९९८ ची. आपल्याकडे तिनं काय धुमाकूळ घातला हे त्या काळात नागपूर, भंडारा, चंद्रपूरच्या कुठल्याही कॉम्प्युटर क्लासमध्ये पाय ठेवलेल्याला माहीत आहे. पतसंस्था, मेडिकल स्टोअर्स, सोनाराचं दुकान, शाळेचं पगारपत्रक... मागे ॲक्सेसचा डेटाबेस आणि पुढे व्हीबीचा करडा फॉर्म. लिहिणारा कोण? इंजिनिअर नव्हे हो! बी.कॉम. झालेला, सहा महिन्यांचा कोर्स केलेला एखादा पोरगा. त्याला ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणजे काय ते धड सांगता यायचं नाही, पण पतसंस्थेत व्याज कसं काढतात ते त्याला तोंडपाठ असायचं. आणि प्रोग्राम चालायचा!

मग २००२ साली डॉटनेट आलं. नाव व्हिज्युअल बेसिकच राहिलं, पण आतला माणूस बदललेला. जुना प्रोग्राम नव्यात जसाच्या तसा उघडेना. २००५ साली जुन्या व्हीबीवाल्यांनी मायक्रोसॉफ्टकडे विनंतीअर्ज केला, की आमची भाषा मारू नका. काही उपयोग झाला नाही. २००८ च्या एप्रिलमध्ये व्हीबी ६ लिहायच्या साधनाचा आधार कायमचा संपला. आणि २०२० साली कंपनीनं हेही सांगून टाकलं की डॉटनेटमधल्या व्हिज्युअल बेसिकची भाषा म्हणून आता आणखी वाढ करायचा विचार नाही. न्याय करायचा तर हेही सांगायला हवं की व्हीबी ६ मध्ये बनवलेले प्रोग्राम आजच्या विंडोजवरही चालतात, तेवढी सोय कंपनीनं ठेवली आहे. चालतात, पण दुरुस्त कशात करायचे? गाडी रस्त्यावर आहे आणि गॅरेज बंद, असा तो मामला.

लिनक्सच्या बाजूनं काय झालं? २००१ साली बोरलँड कंपनीनं डेल्फीचा लिनक्स अवतार आणला, कायलिक्स नावाचा. लोक खूश झाले. २००२ मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि नंतर कंपनीनं त्याकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. हत्यार बंदिस्त, त्यामुळे कुणाला ते पुढे नेताही येईना. धडा काय? सोपं हत्यार मालकीचं असेल तर मालकाचा मूड गेला की तेही जातं.

पण त्याच सुमारास दोन गोष्टी मालकाविना वाढत होत्या. एक लाझारस, १९९९ पासूनची. फ्री पास्कलवर उभी, डेल्फीच्या वळणाची. १.० म्हणायला २०१२ उजाडलं, पण तोवर हजारो लोक ती वापरत होते. दुसरं गाम्बास. फ्रान्सच्या बेन्वा मिनिसिनी नावाच्या माणसानं सुरू केलेलं, १.० आवृत्ती जानेवारी २००५ ची, तिसरी मालिका २०११ च्या शेवटच्या दिवशी. नावाचा अर्थ "गाम्बास ऑलमोस्ट मीन्स बेसिक", म्हणजे जवळजवळ बेसिकच! स्पॅनिशमध्ये गाम्बास म्हणजे कोळंबी, म्हणून चिन्हही कोळंबीचं. आमच्याकडच्या माणसाला चिन्ह दाखवलं तर तो म्हणेल, "हे तं झिंगा होय गा!" :)

थोडक्यात, व्हीबीच्या तोडीचं काहीतरी लिनक्सवर "येईल, येईल" म्हणणाऱ्यांनी डोळे उघडावेत. आमच्या पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ साली बसली आणि तीन दशकं उलटली तरी कालव्यांची कामं चालूच होती. तिथे वाट बघणं समजू शकतं. इथे पाणी केव्हाच आलेलं आहे, आपणच घागर घेऊन जायला लाजतोय.

आता आसगावची गोष्ट सांगतो, म्हणजे नुसत्या तत्त्वाच्या गप्पा वाटणार नाहीत.

आसगाव पवनी तालुक्यात, भंडारा जिल्ह्यात. हा भाग चौरास म्हणून ओळखला जातो, धानाचा पट्टा. माझ्या आतेभावाचं तिथे कृषी केंद्र आहे: खत, बियाणं, औषधं. धंद्याचं गणित असं, की जून-जुलैत रोवणीच्या वेळी माल उधारीवर जातो आणि पैसे येतात दिवाळीनंतर, धान विकलं की. २०१८ पासून अनुदानाच्या खताची विक्री आधार लावून पॉस मशीनवर नोंदवावी लागते. पण ते मशीन सरकारच्या हिशोबासाठी. कुणाकडे किती उधारी, कुणी अर्धे दिले, कुणाच्या नावावर त्याच्या भावानं दोन पोती नेली, हे मशीनला काय माहीत?

त्यासाठी त्याच्याकडे एक जुना प्रोग्राम होता. कधीकाळी एका ओळखीच्या पोरानं व्हीबीत लिहून दिलेला. पोरगा पुढे नोकरीला निघून गेला, सोर्स कोड त्याच्याबरोबर गेला. प्रोग्राम चालत होता. पण त्यात नावं जुन्या पद्धतीच्या फॉन्टात भरलेली. म्हणजे पडद्यावर "रामटेके" दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की सगळं गाव बाराखडीच्या बाहेर!

यात त्या पोराचा काही दोष नाही, हे तांत्रिक लोकांनी नीट समजून घ्यावं. व्हीबी ६ च्या पेटीतली नेहमीची कंट्रोल्स युनिकोड दाखवतच नाहीत. ती विंडोजच्या जुन्या कोड पेजवर चालतात, आणि देवनागरीसाठी विंडोजमध्ये तसं कोड पेजच कधी नव्हतं. युनिकोड मराठी टाकलं की टेक्स्टबॉक्समध्ये नुसती प्रश्नचिन्हं. ज्या हत्यारानं महाराष्ट्रातल्या निम्म्याअधिक दुकानांचे हिशोब लिहिले असतील असं मला वाटतं, त्याला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. याचं आपल्याला कधी वाईटही वाटलं नाही!

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. त्याच्या जुन्या संगणकावर विंडोज ११ बसेना, कारण त्याला हवी असलेली टीपीएम २.० ची चिप त्यात नाही. दुकानदार म्हणाला, नवीन घ्या. भावाचा मला फोन:

"का गा भाऊ, मशीन तं चांगली चालून रायली. मंग काहून फेकू मी?"

या प्रश्नाला माझ्याकडे तरी दुसरं उत्तर नव्हतं. लिनक्स मिंट टाकलं. फायरफॉक्स, लिबरऑफिस, प्रिंटर, सगळं चाललं. आणि मग त्यानं खरा प्रश्न टाकला: "उधारीचं का करशीन?"

इथे आपल्यापैकी बहुतेकांची उत्तरं मला पाठ आहेत. ती एकेक करून घेतो.

पहिलं उत्तर: "वेब ॲप बनव ना!" बरं. सर्व्हर कुठला? महिन्याचं भाडं कोण देणार? पासवर्ड विसरला तर? रोवणीच्या दिवसात काउंटरवर दहा माणसं उभी आहेत आणि वादळात नेट गेलंय, तेव्हा काय करायचं? एका दुकानाच्या, एका काउंटरच्या, एका माणसाच्या हिशोबासाठी डोमेन, होस्टिंग, लॉगिन, सर्टिफिकेट? आपल्याला हे सोपं वाटतं कारण ऑफिसात त्यासाठी वेगळी टीम असते.

दुसरं उत्तर: "पायथन शिकव." पायथन उत्तम आहे, वाद नाही. पण पायथन शिकून पडद्यावर पहिला फॉर्म दिसेपर्यंत काय काय लागतं ते आठवा. कुठलं टूलकिट? टीकेइंटर, पायक्यूट, पायसाइड, की जीटीके? पाकिटं कशानं टाकायची? व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणजे काय? नवशिक्याचा पहिला रविवार इथेच संपतो, आणि दुसऱ्या रविवारी तो परत येत नाही.

तिसरं उत्तर: "एक्सेल वापर की." तेच होतं आजवर. देशातल्या अर्ध्या धंद्याचा हिशोब अशाच चुकून पुसल्या जाणाऱ्या रकान्यांत आहे. लिबरऑफिस बेस हा त्यातल्या त्यात बरा मार्ग, टेबल आणि फॉर्म दोन्ही देतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याचे धडेही आहेत. ज्याला फक्त नोंद आणि यादी हवी त्यानं जरूर बेस वापरावं. पण "मागची बाकी अमुक इतकी झाली तर बिलावर लाल अक्षरात दाखव" असलं काही हवं झालं की तिथेही मॅक्रोच्या जंगलात शिरावं लागतं.

चौथं उत्तर आजकालचं: "एआयला सांग, लिहून देईल." हे मात्र गंभीरपणे घ्यायला हवं, कारण खरंच लिहून देतो. प्रश्न लिहून देण्याचा नाही. प्रश्न असा, की सहा महिन्यांनी बिलात एक रकाना वाढवायचा झाला तर दुकानात बसलेल्या माणसाला तो कुठे वाढवायचा हे दिसतं का? चित्रासारखा फॉर्म समोर असेल तर दिसतं. रकाना ओढा, टाका, नाव द्या. नुसत्या कोडचा ढीग असेल तर तो मालक असूनही भाडेकरू. जुना पोरगा सोर्स घेऊन गेला होता. आता सोर्स घरात आहे, पण कुणालाच वाचता येत नाही. फरक काय पडला? उलट एआय आणि व्हिज्युअल हत्यार यांची जोडी छान जमते. बटणामागच्या चार ओळी त्याला विचाराव्यात, पण खिडकी आपली आपण आखावी.

तर आम्ही गाम्बास घेतलं. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नाव शोधलं, बटण दाबलं, झालं. (तिथली आवृत्ती जरा जुनी असते, पण या कामाला पुरते.) प्रोग्राम मी लिहिला नाही. भावाची पोरगी बी.एस्सी.ला आहे, तिनं लिहिला. मी जुन्या फॉन्टातली नावं युनिकोडमध्ये आणून दिली आणि डेटाबेस कसा जोडायचा ते एकदा दाखवलं. बाकी तिचं.

हे हत्यार चालतं कसं? फॉर्म उघडायचा. बाजूच्या पेटीतून टेक्स्टबॉक्स, बटण, ग्रिड ओढून ठेवायचं. बटणावर डबल क्लिक केलं की "हे दाबल्यावर काय करायचं?" याची रिकामी जागा समोर येते, तिथे लिहायचं. फॉर्म एका फाईलीत, कोड दुसऱ्या फाईलीत, दोन्ही साधा मजकूर. डेटाबेससाठी एसक्यूलाइट: सगळी उधारी एका फाईलीत. बॅकअप म्हणजे रात्री ती एक फाईल पेन ड्राइव्हवर टाकणं. हे दुकानदाराला एका वाक्यात कळतं. "क्लाउड सिंक" समजवायला किती वाक्यं लागतात ते तुम्हीच मोजा.

आणि मराठी? इथे खरी मजा आहे. गाम्बासमधला मजकूर यूटीएफ-८ असतो. फॉर्मवर, बटणावर, यादीत, सगळीकडे सरळ मराठी. पण गंमत बघा. "आसगाव" या शब्दाची लांबी साध्या "लेन"नं विचारली तर उत्तर येतं १५. पोरगी चक्रावली. कारण "लेन" बाइट्स मोजतं, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट्सचं. "स्ट्रिंग डॉट लेन"नं विचारलं तर ५: आ, स, ग, काना, व. आणि तिच्या आजीला विचारलं तर ४: आ, स, गा, व. तीन उत्तरं, तिन्ही आपापल्या जागी बरोबर! युनिकोडवर मी ऑफिसात जी दोन तासांची प्रेझेंटेशनं ऐकली आहेत, त्यापेक्षा या एका शब्दानं तिला जास्त शिकवलं.

पुढचा धडा खुद्द दुकानदारानं दिला. नावांची यादी बघून म्हणाला, "काळे पयले आन कावळे मंग? उलटं झालं ना!" बरोबर होतं त्याचं. एसक्यूलाइट अक्षरं लावतं ती संकेतांकाच्या क्रमानं, आणि युनिकोडमध्ये ळ चा नंबर ल आणि व यांच्या मध्ये. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर. म्हणजे कावळे आधी हवेत. हा दोष पायथनमधल्या साध्या सॉर्टिंगलाही आहे, जावालाही. पण तो दिसला कुणाला? ज्याच्या काउंटरवर ती यादी रोज उघडते त्याला. आणि सुधारला कुणी? तिनंच, क्रमासाठी वेगळा रकाना ठेवून.

माझा मुद्दा नेमका इथे आहे. व्हिज्युअल हत्यार हे "कमी हुशार लोकांसाठीचं" हत्यार नाही. ज्याला प्रश्न माहीत आहे त्याच्या आणि उत्तराच्या मधलं अंतर कमी करणारं हत्यार आहे. धानाच्या उधारीचं शास्त्र आपल्याला येत नाही, त्याला येतं. त्यानं आपल्यापर्यंत यायचं, रिक्वायरमेंट सांगायची, आपण अर्धी समजायची, आणि "फेज टू"मध्ये बघू म्हणायचं, हा सगळा तमाशा त्यात वाचतो.

आता लिनक्सच्या कट्टर भक्तांकडे वळतो. (मीही त्यातलाच, म्हणून हक्कानं बोलतो.)

तुम्ही म्हणता, टर्मिनल हीच खरी ताकद. मान्य. पण ताकद आणि दार यात फरक आहे. किल्ल्याचा बुरुज मजबूत आहे म्हणून दरवाजाच ठेवायचा नाही का? जीटीकेच्या जगात ग्लेड नावाचं खिडक्या आखायचं साधन होतं, १९९८ पासूनचं. जीटीके ४ आलं आणि ग्लेड मागेच राहिलं. पुढे कांबालाचे नावाचं नवं साधन ग्लेड सांभाळणाऱ्याच माणसाच्या हातून सुरू झालं, ही चांगली गोष्ट. पण मधल्या काळात नवशिक्याला सल्ला काय मिळत होता? "एक्सएमएल हातानं लिहा, जास्त स्वच्छ होतं." वा! चुलीवर स्वयंपाक जास्त चविष्ट होतो हे गॅसची शेगडी असलेल्यानंच सांगावं.

आणखी एक उदाहरण. स्क्रॅच २००७ साली सर्वांना खुलं झालं, मुलांसाठी ठोकळे जोडून प्रोग्राम करायचं. सुरुवातीची आवृत्ती लिनक्सवर छान चालायची. २०१३ मध्ये दुसरी आवृत्ती फ्लॅशवर गेली, आणि घरच्या संगणकावर बसवायची तर ॲडोबी एअर लागायचं. ॲडोबीनं लिनक्ससाठी एअर बनवणं २०११ मध्येच बंद केलेलं. झाली पंचाईत! २०१९ च्या जानेवारीत तिसरी आवृत्ती ब्राउझरमध्ये नीट आली म्हणून सुटका झाली. नेटशिवाय हवं असेल तर टर्बोवार्प लिनक्सवर चालतं. पण मधल्या त्या साडेपाच वर्षांत जी पोरं पाचवीची दहावीत गेली त्यांचं काय?

आणि हे खेड्यातल्या पोरांना जमणार नाही असं म्हणणाऱ्यांसाठी: कर्जत तालुक्यातलं खैरात नावाचं गाव आठवतंय का? २००७ साली तिथल्या एका खोलीच्या शाळेत "वन लॅपटॉप पर चाइल्ड"चा भारतातला पहिला प्रयोग झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपवर लिनक्सच होतं, शुगर नावाच्या वेगळ्या पडद्यासह. त्यात ठोकळे जोडून कासव फिरवायचं टर्टल आर्ट होतं, ॲलन के यांच्या गटाचं ईटॉइज होतं. आणि कीबोर्डवर चक्क एक बटण होतं, चालू असलेल्या गोष्टीचा सोर्स दाखवणारं! म्हणजे मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम, व्हिज्युअल प्रोग्रामिंग आणि महाराष्ट्रातलं खेडं ही तीन नावं एकत्र येऊन बराच काळ लोटला. प्रयोग पुढे राज्यभर पसरला नाही. केंद्राच्या शिक्षण खात्यानं तर २००६ मध्येच ही योजना नाकारली होती. लॅपटॉपबद्दलचे आक्षेप असतीलही खरे. पण लॅपटॉपबरोबर आपण त्यातली कल्पनाही फेकून दिली, की मुलानं यंत्र वापरायचंच नाही तर उघडूनही बघायचं.

त्याऐवजी आपण काय दिलं? एमएस-सीआयटी. २००१ पासून लाखो मराठी माणसांनी ते केलं, सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र लागायचं. संगणकाची भीती घालवायचं मोठं काम त्यानं केलं, हे मी मनापासून मानतो. पण त्यात शिकवलं ते वापरायला: वर्डमध्ये पत्र, एक्सेलमध्ये बेरीज, पॉवरपॉइंटमध्ये उड्या मारणारी अक्षरं. बनवायला नाही. तिकडे केरळनं शाळांतले संगणक लिनक्सवर नेले आणि पुढे "लिटल काइट्स"च्या मुलांना स्क्रॅच शिकवलं. तिथलं पाणी काही वेगळं आहे का?

तक्रारी पुष्कळ झाल्या. मलाही गाम्बासचे दोष दिसतात, लपवत नाही. ते विंडोजवर थेट चालत नाही. मोबाइलवर नाही. मूळ गट लहान आहे. मराठीत एक धड पुस्तिका नाही. ज्याला आज लिनक्स, उद्या विंडोज असं दोन्हीकडे द्यायचंय त्यानं लाझारस घ्यावं. तोच कोड दोन्हीकडे बांधता येतो आणि वेगही चांगला. ज्याला पुढे नोकरीही हवी त्यानं क्यूट डिझायनरमध्ये खिडकी आखून मागे पायथन लावावं. लहान मुलांना स्क्रॅच. हे चार रस्ते पुरेसे आहेत. पाचवा शोधत बसू नये, कारण "सगळ्यात चांगलं कुठलं?" या वादात आपला प्रत्येक शनिवार जातो आणि दुकानातली उधारी वहीतच राहते.

आता एक प्रश्न तुम्हाला. ऑफिसात आपण काय करतो? "लो-कोड" नावाची तीच गोष्ट दर माणशी दर महिना डॉलर मोजून विकत घेतो. फॉर्म ओढा, बटण टाका, मागे नियम लिहा. तिथे त्याला "डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन" म्हणतात आणि वर सर्टिफिकेटही मिळतं. तेच पवनी तालुक्यातल्या पोरीनं फुकटच्या हत्यारानं केलं की ते "खेळणं". लाज तंत्राची नाहीच मुळी. ते कुणाच्या हातात आहे याची आहे.

म्हणून तीन मागण्या.

एक. ज्या कॉलेजांत अजून व्हीबीचे जुने धडे विंडोजच्या चोरीच्या प्रतींवर घोटून घेतले जातात, तिथल्या मास्तरांनी त्याच प्रयोगवहीतले प्रयोग गाम्बास किंवा लाझारसमध्ये करून बघावेत. कॅल्क्युलेटर, लॉगिन फॉर्म, विद्यार्थ्यांची यादी. बहुतेक सगळे होतात.

दोन. लिनक्सवाल्या मंडळींनी गावात, शाळेत लिनक्स बसवून देताना ही हत्यारं आधीच टाकून द्यावीत. टक्स पेंट टाकता ना? मग गाम्बासही टाका. जे मेनूत दिसतं तेच माणूस उघडून बघतो.

तीन, आणि ही तुम्हाआम्हाला. एक शनिवार-रविवार द्या. आपल्या गावातलं एक खरं काम घ्या: दूध डेअरीचा हिशोब, वाचनालयाची नोंद, भजनी मंडळाची वर्गणी, काहीही. ते यातल्या एका हत्यारात करा आणि कसं केलं ते मराठीत लिहा, चित्रांसकट. "इन्स्टॉल करा" इथपासून "प्रिंट काढा" इथपर्यंत. काळे-कावळ्यांच्या क्रमासकट! इंग्रजीत अशी पानं भरपूर आहेत. मराठीत शोधून बघा आणि मग माझ्याशी भांडा.

आणि "हे काही खरं प्रोग्रामिंग नाही" असं तरीही वाटत असेल, तर या दिवाळीनंतर धान विकलं गेलं की आसगावला या. कृषी केंद्राच्या काउंटरवर उभं राहून ज्याची बाकी बरोबर निघते त्या शेतकऱ्याला सांगा, की तुझा हिशोब खोट्या प्रोग्रामिंगनं केलाय. तो काय म्हणेल ते इथे छापण्यासारखं नसेल.